आजच्या हवेची खोली

अळी मेली आहे की नाही, हे ठरवण्यासाठी मला पगार मिळतो. गेली सव्वीस वर्षं मी लखनौत हेच करतोय, आणि अजूनही अकोल्याला कुठल्याही लग्नात जेवायला बसलो की शेजारचे काका विचारतात, "तुम्ही नक्की काय करता हो तिकडे?" बायकोला कोणी विचारत नाही. ती बँकेत आहे, विषय संपला. माझ्या वतीनंही तीच उत्तर देते, "हे ना? हे अळ्या मारतात." काका एकदा माझ्याकडे, एकदा पानातल्या कोशिंबिरीकडे बघतात आणि पुढे गप्प जेवतात.

खरं तर मारणं हे आमचं काम नव्हेच. मारतं ते औषध. आम्ही मोजतो. कोबीच्या पानाची रुपयाएवढी गोल चकती कापायची, औषधाच्या पाण्यात दहा सेकंद बुडवायची, वाळवायची, काचेच्या बशीत ठेवायची आणि वर दहा अळ्या सोडायच्या. दोन दिवसांनी झाकण उघडून मऊ ब्रशनं प्रत्येकीला हलकेच डिवचायचं. हलली तर जिवंत. नाही हलली तर उताणी करायची. पुन्हा पालथी झाली तर जिवंत. तेही नाही जमलं तर मेली. असं औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रतेला करत गेलं की निम्म्या अळ्या मरायला किती औषध लागतं ते कळतं, आणि त्या एका आकड्यावर आमची प्रबंधांची कपाटं भरतात. यासाठी शून्य नंबरचा रंगकामाचा ब्रश लागतो. माझा पहिला चांगला ब्रश मुलीच्या चित्रकलेच्या डबीतून आला. ती तेव्हा दुसरीत होती. आता नोकरीला लागली, तरी "पापा ने मेरे ब्रश से कीड़ों को गुदगुदी की थी" हे ती घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. तक्रार मात्र दोन्ही भाषांत नीट पोचते.

या सगळ्यात एक बशी अशी असते की तिच्यातलं पान नुसत्या पाण्यात बुडवलेलं असतं. तिला आम्ही कंट्रोल म्हणतो. त्या बशीतल्याही अळ्या मरायला लागल्या तर औषधानं फुशारकी मारायची नाही. दुसरंच काहीतरी त्यांना मारतंय. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगत आलो: औषधाच्या बशीकडे कोणीही बघेल, साध्या पाण्याकडे बघायला शिका. पोरं वहीत लिहून घेतात. मीच कधी लिहून घेतलं नाही.

आमच्या शहराबाहेरच्या छोट्या केंद्रावर अधूनमधून गिऱ्हाइकंही येतात. एकदा मोहनलालगंजच्या पुढचे एक कोबीवाले, शिवमंगल सिंह, बुलेटवरून आले आणि टेबलावर मिठाईचा डबा ठेवला. आमचे आकडेवारीचे त्रिपाठीजी शेजारच्या खोलीत असतात, पण मिठाईचा डबा टेकल्याचा आवाज त्यांना भिंतीतून ऐकू येतो. त्यांनीच झाकण उघडलं. आत कोबीची पानं आणि पानांवर टवटवीत हिरव्या अळ्या.

"इनको क्या तकलीफ़ है?" त्रिपाठीजी दोन पावलं मागे सरून म्हणाले.

"इनको कोई तकलीफ़ नहीं है, यही तकलीफ़ है," शिवमंगल म्हणाले. "तीन बार दवा मारी है. अब डॉक्टर साहब बताएँ, दवा बदल गई कि कीड़ा बदल गया?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. एकच औषध सारखं मारलं की जे वाचतात त्यांचीच प्रजा वाढते, आलटून पालटून मारा, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "और अख़बार में जो आप लोग लिखते रहते हैं, हवा बदल रही है, उससे कीड़े को कुछ नहीं होता? सिर्फ़ हमको होता है?"

"उस पर काम चल रहा है," मी म्हणालो. ज्यावर काडीचंही काम चालू नसतं त्याबद्दल आम्ही हेच म्हणतो.

पण प्रश्न डोक्यात राहिला. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय, हे शाळकरी मुलांनाही माहीत आहे. कोबीला त्याचं वाईट वाटत नाही. तो त्याचा खुराक. पान मोठं होतं, जाड होतं, पण त्यातलं प्रथिन पातळ होतं. पाहुणे वाढले की वरणात पाणी वाढवावं, तसं. अळीला वाढायला प्रथिन हवं, म्हणून ती त्याच पोषणासाठी जास्त पानं खाते आणि मोठी व्हायला जास्त दिवस घेते. आता गंमत बघा. जास्त खाल्लं म्हणजे पानावरचं विषही जास्त पोटात जाणार. पण अशा पानावर वाढलेल्या अळीचं शरीरही वेगळं घडतं. विष पचवायची तिची ताकदही बदलू शकते. या ओढाताणीत कोण जिंकतं? कुठल्या औषधापुढे? घरबसल्या सांगता येत नाही. दोन प्रकारची हवा करून दोन्हीकडे अळ्यांच्या पिढ्या वाढवाव्या लागतात.

तशा दोन बंद खोल्या आम्ही तयार केल्या. दिव्यांखाली कोबीच्या कुंड्या, जाळीच्या पिंजऱ्यात अळ्या, तापमान कायम सत्तावीस अंश. एका खोलीत सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडून काही दशकांनी येईल तशी हवा करायची, दुसरीत साधी आजची. खोल्या सांभाळणारे रामआसरे भैया, तीस वर्षांचे जुने, कमी बोलणारे. त्यांनी दारांवर सुबक अक्षरांत पाट्या रंगवल्या: 'आने वाली हवा' आणि 'आज की हवा'.

आणि या दोन खोल्यांवर जिचं सगळं अवलंबून होतं ती निकहत. माझी पीएचडीची विद्यार्थिनी. वडील रेल्वेत होते, मानक नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, बोलणं इतकं अदबीचं की ती चूक दाखवते तेव्हा आपला सत्कार चाललाय असं वाटतं. आधी दुसऱ्या विषयावर तिची दोन वर्षं गेली होती. तो विषय मार्गदर्शकाच्या बदलीबरोबर बुडाला. मग ती माझ्याकडे आली. नोंदणीला सहा वर्षं जूनअखेर पूर्ण होणार होती, आणि त्यानंतर मुदतवाढ नाही, हे विद्यापीठानं लेखी कळवलं होतं. जूनच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात.

दिवाळीच्या आधी तिच्या पहिल्या मोजण्या झाल्या. फरक स्वच्छ होता. अंगाला लागून मारणारं एक औषध आम्ही घेतलं होतं. येणाऱ्या हवेतल्या अळ्यांना ते जास्त लागत होतं. दुसरं होतं जिवाणूंची भुकटी, जी अळीनं खाल्ली तरच मारते. तिथं उलटं, कमी औषधात भागत होतं. मी खूश झालो. निकहत म्हणाली, "सर, एक बार और कर लेते हैं." तिची ही सवय मला तेव्हा फार आवडली नाही.

मग हिवाळा आला. लखनौचा जानेवारी ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्य नाही, धुकं असं की चारबाग स्टेशनला उतरलेला माणूस तेलीबागच्या वस्तीत पोचेपर्यंत आपण कुठल्या शहरात आलोय ते नुसतं ऐकून ओळखतो. आमच्या ऑफिसात एक हीटर, तोही साहेबांच्या पायाशी. आणि संपूर्ण केंद्रात सत्तावीस अंशांच्या दोनच खोल्या. येणाऱ्या हवेच्या खोलीत गॅस असल्यामुळे नियम कडक होते: एका वेळी एकच माणूस, दहा मिनिटं, दारावर नोंदवही. आजच्या हवेच्या खोलीला कसला नियम? साधीच तर हवा.

तेव्हा सकाळी दहाला चहा घेऊन त्रिपाठीजी तिथं येत. मग स्टोअरचे दोघं. मग मी. रामआसरे भैया कुंड्यांना पाणी घालत असतच. उबदार दिवे, हिरवी पानं, हातात कुल्हड. अशा जागी माणूस बोलणार नाही तर काय करणार? आणि एकदा बोलायला लागलो की मला आवरणं कठीण, हे आमच्या दोन्ही घराण्यांत मान्य आहे. माझ्या आत्याच्या यजमानांची गोष्ट तर त्रिपाठीजींनी चार वेळा सांगायला लावली. हे गृहस्थ लग्नात रुसले, तडक स्टेशनवर गेले, चुकीच्या गाडीत बसले, बडनेऱ्याला उतरले आणि तिथल्या एका अनोळखी लग्नात मुलाकडचे समजून त्यांची अशी सरबराई झाली की दोन दिवस परतलेच नाहीत. "अरे वो फूफाजी वाला सुनाइए," त्रिपाठीजी म्हणत, आणि बाहेर धुकं दाटत जाई.

त्याच महिन्यात निकहतची दुसरी फेरी मोजून झाली. फरक गेला. दोन्ही खोल्यांतल्या अळ्या सारख्याच मरत होत्या आणि सारख्याच जगत होत्या. तिनं ताजी पानं घेऊन पुन्हा बशा लावल्या. तेच. औषधाची नवी बाटली आणली. तेच. ती रडली वगैरे नाही; फक्त डबा खायची बंद झाली.

"जाड़े का असर होगा," मी म्हणालो. "मौसम लिख देंगे."

"सर, कमरे में मौसम होता ही नहीं," ती नम्रपणे म्हणाली. "हमने ही तो बंद किया है."

दोन दिवसांनी सकाळी आमची मैफल रंगलेली. फूफाजी नुकतेच बडनेऱ्याला उतरले होते. निकहत दार उघडून आत आली. येणाऱ्या हवेच्या खोलीतला मोठा मीटर बरोबर चालतोय का ते पडताळायला आमच्याकडे एक हातातला छोटा मीटर होता. तो तिच्या हातात होता. ती कोबीच्या दोन कुंड्यांमध्ये उभी राहून आकड्याकडे बघत राहिली.

मी थांबलो. "क्या हुआ?"

"कुछ नहीं, सर. आप बोलते रहिए. बढ़ रहा है."

"क्या बढ़ रहा है?"

तिनं मीटर माझ्यापुढे धरला. बाहेरच्या हवेत दहा लाखांत साधारण सव्वाचारशे भाग कार्बन डायऑक्साइड असतो. येणाऱ्या हवेची खोली आम्ही मोठ्या मेहनतीनं साडेपाचशेवर धरून ठेवत होतो. छोट्या मीटरवर नऊशे बारा होते. माझ्या डोळ्यांसमोर नऊशे वीस झाले. त्रिपाठीजींनी 'हे राम' म्हणून मोठा सुस्कारा सोडला, आणि नऊशे चोवीस झाले.

 आता बोलणं हाच गुन्हा होता. पाच माणसं, बंद खोली, रोजचे तीन-चार तास. एवढ्या महिन्यांत त्या खोलीत मीटर ठेवावा हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. येणारी हवा आम्ही क्षणाक्षणाला मोजत होतो. आजची हवा काय मोजायची, ती तर असतेच! साध्या पाण्याच्या बशीवर सव्वीस वर्षं व्याख्यानं देणाऱ्या माणसानं आपल्या तोंडच्या वाफेनं अख्खा कंट्रोल बिघडवून ठेवला होता.

त्या संध्याकाळी घरी मी फारच कमी बोललो. बायकोनं कपाळाला हात लावून ताप बघितला. मग मी सगळं सांगितलं. सुटायचे दोन मार्ग होते. हिवाळ्यातली मोजणी फाईलमधून गुपचूप काढून टाकायची. दिवाळीआधीचे सुरेख आकडे होतेच. कोणाला कळलं नसतं. पण मग प्रयोग एकदाच झाला असं ठरलं असतं, आणि निकहत त्याला तयार नव्हती. नाहीतर दर तीन महिन्यांनी विद्यार्थ्यांची प्रगती तपासायला बसणाऱ्या समितीपुढे उभं राहून खरं सांगायचं. "लोक हसतील गं," मी म्हणालो. "वर्षानुवर्षं हसतील."

"अहो, जन्मभर लोकांना हसवायलाच तर बोलता," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "एकदा तुमच्यावर हसले तर काय बिघडलं? तिची सहा वर्षं जातायत."

समितीच्या अध्यक्ष एक कडक बाई होत्या. निकहतनं आकडे दाखवले आणि शेवटी सांगितलं की आजच्या हवेच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड बाहेरून मिसळला होता.

"सोर्स क्या था?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं. "सिलिंडर लीक?"

निकहतनं कागद सरळ केले. तिच्या अदबीत मार्गदर्शकाकडे बोट दाखवणं बसत नव्हतं. मी उभा राहिलो.

"मैं था, मैडम."

"मतलब?"

"मेरी साँस. और मेरी बातें. ठंड थी, कमरा गरम था. हम लोग रोज़ वहाँ बैठते थे. विद्यार्थिनी की इसमें कोई ग़लती नहीं है, यह मैं लिखकर देता हूँ."

आधी कोपऱ्यातून एक हुंदक्यासारखा आवाज आला. तो हसू दाबण्याचा होता. मग दाबण्याचं सगळ्यांनीच सोडून दिलं. बाईसुद्धा रुमालाआड गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा मात्र चेहरा कडकच होता. जून म्हणजे जून, त्या म्हणाल्या. दोन्ही खोल्यांत सगळं पुन्हा करायला वेळ नाही. पण हिवाळ्यात त्या खोलीत नक्की किती गॅस होता ते दाखवता आलं, तर ती फेरी वाया जाणार नाही. मग त्या दिवसांत दोन्ही खोल्या येणाऱ्या हवेच्याच होत्या, असं धरता येईल. नव्यानं करायची ती फक्त आजची हवा. "लेकिन अंदाज़ नहीं चलेगा. नापकर दिखाइए."

मोजून दाखवायचं म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. निकहतनं रामआसरे भैयांकडून जानेवारीचा सगळा दिनक्रम विचारून लिहून काढला होता: कोण किती वाजता आत, किती वेळ, दार किती वेळा उघडलं. तेच सगळं पुन्हा करायचं. तेवढीच माणसं, तोच चहा, तेवढंच बोलणं. मधोमध मीटर. अजून थंडी होती म्हणून बरं.

"सर, शुरू कीजिए," निकहत दाराच्या काचेबाहेरून म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मला काही सुचेना. समोर मीटर, आकडा लुकलुकतोय, चार माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. फूफाजी स्टेशनवर गेले खरे, पण गाडीच येईना. "वो रूठ गए... फिर... गाड़ी में बैठ गए..." त्रिपाठीजींनी प्रोत्साहन म्हणून हसून दाखवलं. त्या हसण्यानं तर मी पुरताच खचलो. काचेबाहेर निकहतचा चेहरा पडत चालला. एवढ्याशा बोलण्यानं जानेवारीची हवा तयार होणार नव्हती.

तेव्हा रामआसरे भैयांनी पाण्याचा डबा खाली ठेवला.

"हमारे यहाँ एक बार बारात में घोड़ी भाग गई थी," ते म्हणाले.

आम्ही वळून बघितलं. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून कोणी गोष्ट ऐकली नव्हती. ऐकणार कसे? मी बोलायचा थांबलो असतो तर ना! घोडी पळाली, नवरदेवासकट पळाली, शेजारच्या गावात उसाच्या शेतात शिरली, आणि तिथून ती दोन दिवसांनी एकटीच परतली. "और दूल्हा?" "दूल्हा ट्रैक्टर पे आया. अगले दिन. ब्याह करके." "किससे?" स्टोअरवाले ओरडले. भैयांनी शांतपणे पुन्हा डबा उचलला, एका कुंडीला पाणी घातलं, आणि मग सांगितलं, "हमारी घरवाली से. दूल्हा हम ही थे." खोलीत असा काही हशा फुटला की निकहत बाहेरून दोन्ही हातांनी खूण करू लागली: चालू द्या, चालू द्या. रामआसरे भैया पाऊण तास बोलले. मधे माझ्या वाट्याला दोन वाक्यंही आली नाहीत. असं सहा दिवस चाललं, आणि सहाही दिवस मीटरनं जानेवारी पुराव्यासकट लिहून दिला.

त्यानंतर आजच्या हवेच्या खोलीला टाळं लागलं. किल्ली निकहतच्या गळ्यात. आत मीटर आणि दारावर नोंदवही, शेजारच्या खोलीसारखीच. पाणी घालायला भैया आत जात ते पाच मिनिटं, तोंडाला रुमाल बांधून. रुमालानं कार्बन डायऑक्साइड अडत नाही हे मी दोनदा सांगितलं, पण ते म्हणाले, "हमारे मन को अच्छा लगता है." अळ्यांच्या चार पिढ्या व्हायच्या होत्या. एका पिढीला तीन आठवडे. मार्च, एप्रिल, मे. मला खोलीत प्रवेश नव्हता. हा नियम निकहतनं केला नव्हता, मीच केला होता, आणि रोज तो मोडावासा वाटत होता.

मेच्या शेवटी मोजणीचा दिवस आला. बाहेर लूच्या गरम झळा चालू होत्या. व्हरांड्यातली फरशी चपलेतूनही चटके देत होती. मी काचेला नाक लावून उभा. आत निकहत एकेक बशी उघडत होती आणि ब्रश फिरवत होती. हलली. हलली. नाही हलली. उताणी. वाट बघ. तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती, आकडे ऐकू येत नव्हते. एवढा वेळ गप्प उभं राहिल्याचं माझ्या आठवणीत दुसरं उदाहरण नाही; सासरे वारले तेव्हासुद्धा मी भटजींशी बोलत होतो.

शेवटची बशी झाकून तिनं कागदावर बेरजा केल्या. दोनदा केल्या. मग दाराशी आली, पण उघडलं नाही. खोलीची हवा जाऊ नये म्हणून. कागद उलटा करून काचेला लावला. फरक परत आला होता. अंगाला लागून मारणारं औषध आजच्या हवेत थोडंसंही पुरत होतं, येणाऱ्या हवेत जास्त लागत होतं. आणि खाल्ली तरच मारणारी भुकटी येणाऱ्या हवेत आणखी चांगली चालत होती, कारण अळी जास्त खाते आणि आपल्याच खादाडपणानं जास्त विष गिळते. आमच्या दोन खोल्यांपुरतं, या एका अळीपुरतं, एवढंच म्हणतोय मी. दुसऱ्या किडीचं दुसरं निघेल. पण एवढं तरी हातात आलं की उद्याच्या हवेत आपण अगदीच निःशस्त्र नसू. कुठलं औषध बंद करायचं आणि कुठलं हाताशी ठेवायचं हे आधीच शोधून ठेवता येतं. शिवमंगल सिंहांना फोन करून मी सांगितलं की काम चालू होतं ते झालं. ते म्हणाले, "अच्छा! सच में चल रहा था?"

प्रबंध जूनच्या अठ्ठावीस तारखेला गेला. त्यात एक प्रकरण हिवाळ्याच्या फेरीचं आहे, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की कंट्रोलची खोली मार्गदर्शक व सहकाऱ्यांच्या दैनंदिन वास्तव्यामुळे बिघडली. 'वास्तव्य' हा निकहतचा सभ्यपणा. खाली मी सही केली. सव्वीस वर्षांत कितीतरी प्रयोगांत मी कितीतरी 'आज' न मोजता तसेच सोडून दिले असतील, हा विचार सही करताना आला. त्यांचं आता काही करता येत नाही.

तोंडी परीक्षा ऑगस्टात झाली. दूरच्या विद्यापीठातून आलेले वयस्कर परीक्षक, समितीच्या बाई, विद्यार्थी, त्रिपाठीजी, सगळ्यांत मागे नवा सदरा घातलेले रामआसरे भैया. एसी चालू, खिडक्या घट्ट बंद. परीक्षकांनी तासभर निकहतला हवं तसं पिळून काढलं. मग प्रबंध मिटला आणि त्यावर हात ठेवून म्हणाले, "सर्दी वाले चैप्टर के बारे में पूछना था. आपने बार-बार लिखा है, आज की हवा. वो होती क्या है? जो किताब में लिखा रहता है, वही न?"

 हा प्रश्न प्रेमाचा नव्हता. याच धाग्यावरून अख्खा प्रबंध उसवता आला असता.

निकहतनं पर्स उघडली आणि छोटा मीटर काढून टेबलावर, परीक्षकांच्या पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवला.

"एक मिनट, सर," ती म्हणाली.

सगळं सभागृह त्या एवढ्याशा डबीकडे बघत राहिलं.  आकडा चढत चढत अकराशेच्या पुढे जाऊन स्थिरावला.

"जो किताब में लिखा है, वो इस कमरे में नहीं है," निकहत म्हणाली. "यहाँ तो आने वाली हवा आ चुकी है. इसलिए सर, हमारे लिए आज की हवा वही है जो नापी गई हो. बाक़ी सब अंदाज़ा है."

परीक्षक मीटरकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण काढताना विचारलं, "इसको नीचे लाने का क्या उपाय है?"

निकहत उठली, पलीकडच्या भिंतीपाशी गेली, आणि जोर लावून खिडकीची कडी काढली. ऑगस्टची दमट, गरम हवा भसकन आत आली, तिच्याबरोबर रस्त्यावरचे हॉर्न आणि कुठल्यातरी ठेल्यावरचा भाजलेल्या भुट्ट्याचा वास. एसीचा काही उपयोग राहिला नाही. पुढचा पाऊण तास, सह्या होईपर्यंत, आम्ही सगळे घामाघूम होऊन बसलो होतो, आणि खिडकी लावा असं कोणीही म्हणालं नाही.